दहा चाळीसच्या पुढे

मी मोजणी खात्यातला. तीस वर्षं खानापूर तालुक्यात
साखळी ओढली, गाडलेले दगड शोधले,
पाच गुंठ्यांवरून भांडणाऱ्या भावांच्या मधे बसून चहा प्यालो.
म्हणून भरमाणीकाकाच्या ट्रंकेत तो नकाशा निघाला
तेव्हा आधी बघितली ती पेन्सिल.

मांडीला बांधायचा नकाशा.
कातडी पट्ट्यावर आतून शाईनं नाव: टेसमार, ल.
सांग्रो नदी, काठानं ऑलिव्हचे ठिपके,
रेघ उत्तरेकडून येते, हात न थरथरता,
नदी ओलांडते,
काहीतरी पुन्हा बघावंसं वाटल्यागत वळते
आणि थांबते.
बाजूला वेळ. दहा चाळीस.

तो फोटो काढायला आला होता.
खाली चिखलात आमची मराठा पलटण,
वरून मोहरीएवढी.
त्यातला एक दाणा गर्लगुंजीचा, स्ट्रेचर उचलणारा.

काका एवढंच सांगायचा, तेही शिमग्यात थोडी घेतल्यावर:
"इमान झाडात अडकलंतं. पोरगं जितं होतं बग.
पाय मोडलेला. पाणी दिलो.
स्ट्रेचर कुठलं, खांद्यावर घेतलो, तीन मैल.
वजन म्हणशील तर दीड पोतं भात.
तंबूत ठेवलो. सकाळी बघतो तर तंबूच नाही की.
जगलं काय की रे ते?"

मरेपर्यंत त्याचा डावा खांदा दोन बोटं खाली.
नंदगडचा अंतू शिंपी न विचारता सदरा तसाच बेतायचा.

मला पेन्शन, वेळ भरपूर. जर्मनीला पत्र धाडलं.
सात महिन्यांनी उत्तर. पाकिटावर बेळगाव,
शिक्का बेळगावीचा. तरी पोचलं.
शेवटचं उड्डाण नोव्हेंबर त्रेचाळीस.
शेवटचा संदेश दहा चाळीस.
त्यापुढे एकच शब्द, आपल्याकडे बेपत्ता म्हणतात तो.
सोबत एका कार्डाची नक्कल:
चौकशी करणार, बहीण, आनेलीझ.
सत्तेचाळीस. एक्कावन्न. अठ्ठावन्न. त्रेसष्ट.
खाली कार्ड कोरं.

अठ्ठावन्न साली काका आमच्या सोप्यात
सुतळी वळत हेच विचारत होता.
ती तिकडं, हा इकडं,
प्रश्न एकच,
आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

मोजणीत दगड सापडला नाही तर
शेजारच्या म्हाताऱ्याची साक्ष घेतात.
म्हातारा गेलेला असेल तर ऐकणाऱ्याची.
बसलो लिहायला:

दहा चाळीसच्या पुढे तो होता.
दुपारी होता, दोनदा पाणी प्याला.
वाटेत घड्याळ देऊ केलं, काकानं घेतलं नाही म्हणे.
नकाशा दिला की घेतला, मला सांगता येत नाही.
अंधार पडेपर्यंत होता. त्याचा पुरावा खांदा,
आणि खांदा आम्ही एकोणनव्वद साली
मलप्रभेच्या काठी जाळला.
पुढची हद्द मिळून आली नाही.
बहीण हयात असल्यास कळवावे.
सही, साक्षीदाराचा पुतण्या.

पोस्टाच्या खिडकीत नवीन मुलगी.
पाकीट काट्यावर ठेवलं. चौतीस ग्रॅम.
"एल्लिगे?" तिनं मान वर न करता विचारलं.
कुठं?
तीस वर्षं कन्नडमधून पंचनामे लिहिलेला मी,
मला एकदम उत्तर सुचेना.
आपलाच डावा खांदा चोळत उभा राहिलो.
मागनं कुणीतरी म्हणालं,
सांगा की हो लवकर, दुपारची सुट्टी होतीय त्यांची.